ओरॅकल ऑफ डेल्फी: नैवेद्य आधी की राक्षस आधी?

पऱ्हाटीवाला (आर्णी तालुका, यवतमाळ):
राम राम मंडळी. पुण्यात शिकणारा भाचा दिवाळीत आला अन् 'ओरॅकल ऑफ डेल्फी' इथंच ठेवून गेला. श्टेफान फेल्डनं रचलेला, २०१६ चा पटावरचा खेळ. दिवसभराची वेचणी झाली, जेवणं आटोपली की मी, आई अन् नववीतली पोरगी ओसरीत पट मांडतो. आईला नियम एकदाच सांगितले. "म्हणजे नवस फेडत फिराचं" म्हणाली अन् बसली खेळायला.

झ्यूस म्हणजे ग्रीक देवांचा राजा, त्याची बारा कामं: तीन ठाणी बांधायची, तीन मूर्ती उभारायच्या, तीन नैवेद्य पोहोचवायचे, तीन राक्षस मारायचे. मग सर्वांच्या आधी झ्यूसकडे परत. मी पहिल्यांदा राक्षसांच्या मागे लागतो, कारण मेला की हत्यार-कार्ड मिळतं. आई मात्र नैवेद्य उचलला की दुसरं काही करत नाही. "देवाचं सामान घेऊन हिंडू नये बाप्पा, पोहोचवून मोकळं व्हाव." नऊ डावांपैकी सात तिनं जिंकले. जहाजात दोनच जागा. मी दोन्ही भरतो, अन् देवळं निघतात पटाच्या दोन टोकांना. माझं नेमकं चुकतं कुठं?

वैनगंगाकाठ:
आईचं बरोबर आहे. नैवेद्य पोहोचला की प्रसादाची तीन टोकनं मिळतात, आणि सगळा खेळ त्या टोकनांवर चालतो. एक टोकन दिलं की फाशावर आलेला रंग रंगांच्या चक्रावर एक घर पुढे सरकतो. नैवेद्य उचलायला त्याच्या रंगाचा फासा लागतो, देवळात ठेवायलाही तोच. जहाज ज्या घरात थांबणार त्याचा रंगही फाशाशी जुळायला हवा. पहिल्या फेऱ्यांत टोकनं नसली तर तीनही फासे हाती असून अडून बसावं लागतं.
राक्षसाचंही तेच. ताकद ९ पासून सुरू, त्यातून तुमची ढाल वजा. लढाईच्या फाशाचा आकडा कमी पडला तर टोकन देऊन तो पुन्हा टाकता येतो, आणि दर वेळी राक्षसाची ताकद एकानं उतरते. रिकाम्या हातानं गेलात तर एका टाकीत काम झालं पाहिजे.

चिखलदऱ्याचा:
माह्यं थोडं वेगळं मत आहे. तिन्ही नैवेद्य एकदम धराचे नाही. एक नैवेद्य, एक मूर्ती, असं भराचं. मूर्ती उभी झाली की सोबत्याचं कार्ड मिळते, अन् ते लवकर भेटलं त डावभर कामी येते. दुसरं म्हणजे देवाकडे पाहा. तळच्या ओळीतून देव एकदा उचलला का दुसऱ्याच्या फाशावरही वर चढते. समुद्राचा देव पोसायडन माथ्यावर पोहोचला त जहाज पाहिजे त्या पाण्यात नेता येते. तुमच्या दोन टोकांच्या देवळांसाठी तोच ठेवा.

पऱ्हाटीवाला:
दोघांचेही मनापासून आभार. टोकनांचं गणित माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी रंग जुळला नाही की फासा टोकनं घ्यायला वाया घालवायचो, दोन-दोन घेत बसायचो.
काल रात्री आधी एक निळा नैवेद्य पोहोचवला, मग तीन टोकनं घेऊन राक्षसाकडे गेलो. दुसऱ्या टाकीत मेला. चिखलदऱ्याच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे पोसायडन राखून ठेवला होता, पण झ्यूसकडे परतायलाच वापरावा लागला.
एक सांगायचं राहिलं. लाल नैवेद्याचा ठोकळा सरकीच्या पोत्यांत कुठं तरी हरवला. आईनं त्याच्या जागी गुंज ठेवली आहे. ती देवळात ठेवताना आई दर वेळी काळा ठिपका खाली करून ठेवते, लाल अंग वर. पोरगी आता तोच नैवेद्य आधी मागते.
काल आई झ्यूसपासून दोन घरं मागं होती. आज पुन्हा बसणार आहोत.