जेराल्डिन पेज यांना यश 'उशिरा' मिळाले का?

सप्रेम नमस्कार,

शनिवारी आपण 'द ट्रिप टू बाऊंटिफुल' पाहिला. ह्यूस्टनमध्ये मुलाच्या आणि सुनेच्या दोन खोल्यांत घुसमटणारी, पेन्शनचा चेक लपवून जुन्या गावाकडे निघून जाणारी कॅरी वॉट्स पाहताना अनेकांचे डोळे पाणावले. ही भूमिका करणाऱ्या अमेरिकन अभिनेत्री जेराल्डिन पेज यांना सात नामांकनांत पुरस्कार हुकल्यानंतर, आठव्या खेपेस, १९८६ साली, वयाच्या ६१व्या वर्षी ऑस्कर मिळाले, असे मी परिचयपत्रकात लिहिले होते आणि त्यापुढे 'उशिरा का होईना, यश लाभले' असे वाक्य जोडले होते. ते वाचून काकांच्या कपाळाला आठी पडलेली मी पाहिली. तिचे कारण काकांनी सर्वांसाठी लिहावे, ही विनंती.

आपली,
चित्रपटसंध्येची संयोजक

*

चि. संयोजक,

आठी 'उशिरा' या शब्दाला पडली होती. पेजबाईंचा (आपल्या नाटकवाल्यांच्या सवयीने मी त्यांना बाईच म्हणणार) जन्म १९२४ साली मिसूरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या लहान गावी झाला आणि अभिनयाचे रीतसर शिक्षण शिकागोच्या गुडमन नाट्यशाळेत. नाटककार टेनेसी विल्यम्स यांचे 'समर अँड स्मोक' १९४८ साली ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, आले आणि फारसे टिकले नाही. तेच पडलेले नाटक १९५२ च्या एप्रिलमध्ये होसे क्विंतेरो यांनी न्यूयॉर्कच्या शेरिडन स्क्वेअरमधल्या, पूर्वी नाइटक्लब असलेल्या एका छोट्या जागेत उभे केले, आणि धर्मोपदेशकाच्या घरात वाढलेल्या, मनातले कधीच वेळेवर न बोलू शकणाऱ्या अल्माची भूमिका सत्तावीस वर्षांच्या पेजबाईंना दिली. प्रेक्षक इतके जवळ की श्वास चुकला तरी कळावा. त्या प्रयोगाने नाटक तर तरलेच, पण ब्रॉडवेबाहेरच्या छोट्या रंगमंचांकडे समीक्षकांना गांभीर्याने पाहावे लागले; अमेरिकेतील 'ऑफ-ब्रॉडवे' चळवळीचा आरंभ अनेक जण तिथपासून मोजतात. पुढच्याच वर्षी 'हॉन्डो' या चित्रपटात जॉन वेन यांच्यासमोर काम करून त्यांनी पहिले ऑस्कर नामांकन मिळवले. १९५९ साली एलिया कझान यांच्या दिग्दर्शनाखाली 'स्वीट बर्ड ऑफ यूथ' या नाटकात त्यांनी उतरणीला लागलेली सिनेतारका साकारली, तेव्हा त्या स्वतः पस्तिशीच्याही नव्हत्या. हे सारे ज्या बाईच्या पदरी तिशीतच होते, तिला यश उशिरा मिळाले असे म्हणणे म्हणजे हॉलिवूडच्या घड्याळात वेळ पाहणे होय.

आपला,
काका

*

आदरणीय काका,

आपले म्हणणे पटते, तरी एक शंका आहे. १९५२ चा तो प्रयोग आपल्यापैकी कोणीही पाहिलेला नाही. आपल्या हाती आहे तो त्याच नाटकावरचा, पेजबाईंचाच १९६१ चा चित्रपट. त्यात अल्माचे हात इतके भिरभिरतात आणि आवाज इतका थरथरतो की, अभिनय होत आहे याचे भान मला सतत राहिले. शिवाय ज्या रंगभूमीला आपण त्यांचे खरे घर मानता, तिने त्यांना टोनी या ब्रॉडवेच्या नाट्यपुरस्कारासाठी चार वेळा नामांकन देऊनही एकदाही पुरस्कार दिला नाही. मग हिशेब कोणाकडे मागावा?

नाट्यवाचन गटातील एक सभासद

*

चि. सभासद,

हातांविषयी तुझे खरे आहे. खेटून बसलेल्या प्रेक्षकांसाठी घडवलेली थरथर कॅमेऱ्यासमोर जड होते. पण 'इंटिरियर्स' (१९७८) पाहा: घर सजवण्याच्या वेडात स्वतःचे आयुष्य गोठवून बसलेल्या त्या आईचे हात फुलदाणी जरा सरकवण्यापलीकडे काही करत नाहीत, आणि तेवढ्यानेच भीती वाटते. टोनीचा हिशेब मात्र मलाही लागत नाही. बाईंनी तो मागितला असावा असे वाटत नाही, कारण ऑस्कर मिळाल्यानंतर त्या पुन्हा ब्रॉडवेवरच 'ब्लाइथ स्पिरिट' या नाटकात मादाम आर्काटीच्या भूमिकेत उभ्या राहिल्या. टोनीचे चौथे नामांकन त्याच भूमिकेचे. १३ जून १९८७ रोजी दुपारच्या प्रयोगाला त्या आल्या नाहीत. घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले होते. वय ६२. नाटक तेव्हा चालूच होते.

'इंटिरियर्स'ची प्रत माझ्याकडे आहे. पुढील चित्रपटसंध्येस घेऊन येतो. परिचयपत्रक मात्र या वेळी मी लिहीन.

काका