काउबॉय बीन्स घरी, डबे न फोडता, कसे करायचे?

टेक्सासची_सून:
नमस्कार मंडळी, आम्ही सध्या सॅन अँटोनियोला आहोत आणि नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका कलीगची गावाबाहेर रँच आहे, तिकडे पुढच्या महिन्यात मोठा जेवणाचा कार्यक्रम आहे. ब्रिस्केट (बीफचा छातीचा तुकडा) तो स्वतः स्मोक करणार, बाकी साइड्स आपापल्या आणायच्या, आणि माझ्या वाट्याला आलेत काउबॉय बीन्स, म्हणजे बेकन-खिमा घातलेला राजम्यासारख्या बीन्सचा दाट रस्सा. नेटवर बघितलं तर निम्म्या रेसिप्या म्हणजे तीन प्रकारचे डबे फोडा, केचप ओता, ब्राउन शुगर ओता आणि ओव्हनला ढकला. मी एका ठिकाणी तसले खाल्लेत, गोडमिट्ट, दोन चमच्यांनंतर नको वाटतात. मला सुके पिंटो बीन्स (राजम्याच्याच जातीचे, ठिपकेवाले) आणून पहिल्यापासून करायचेत. तर भिजवायचे की नाही (इथली शेजारीण म्हणते अजिबात भिजवू नकोस, रंग जातो), टोमॅटो, व्हिनेगर, गोड वगैरे नेमकं कधी घालायचं, आणि येणाऱ्यांत दोन घरं शुद्ध शाकाहारी आहेत त्यांच्यासाठी बेकनशिवाय तो धुराचा वास कुठून आणायचा? घरात इन्स्टंट पॉट (विजेवरचा प्रेशर कुकर), क्रॉकपॉट (मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं) आणि एक डच ओव्हन, म्हणजे जड बिडाचं झाकणाचं पातेलं आहे.

खादाड_बोका:
रँच स्टाईल बीन्सचा काळा डबा घ्या, वरून परतलेला कांदा टाका, सगळे टेक्सन खूश होतात, कोणी विचारत नाही. (पळा आता, सुगरणी येतायत.)

ह्यूस्टनचा_बल्लव:
बोक्या, तू गप.

ताई, तुम्हाला जे गोडमिट्ट लागलं तो या पदार्थाचा अलीकडचा, बार्बेक्यू सॉसवाला अवतार आहे. मूळचे हे बीन्स गुरांच्या तांड्यांबरोबर जाणाऱ्या काउबॉयांचे. चार्ल्स गुडनाइट या टेक्सासच्या रँचरने 1866 मध्ये सैन्यातली जुनी मालगाडी घेऊन तिच्या मागे खणाखणांचं लाकडी कपाट ठोकून घेतलं, त्याची फळी खाली पाडली की झाला ओटा, तीच पहिली चकवॅगन, म्हणजे काउबॉयांचं फिरतं स्वयंपाकघर. यादवी युद्धानंतर टेक्सासात गुरं कवडीमोल झाली होती आणि उत्तरेत त्यांना भाव होता म्हणून हजारो जनावरं हाकत कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत न्यायचे, आणि या तांड्याबरोबर जाणाऱ्या गाडीत काय मावणार तर पिंटोची पोती, खारवलेलं डुकराचं मांस, पीठ, कॉफी, सुकवलेली फळं. गुरं विकायला नेतायत म्हटल्यावर रोज एक कापून खायची चैन नव्हतीच. आणि हाइंझने टोमॅटो केचप काढला 1876 मध्ये, म्हणजे सुरुवातीच्या तांड्यांच्या बीन्समध्ये केचप असायचा प्रश्नच येत नाही. मूळ चव म्हणजे बीन्स, खारी चरबी, मिरची, मीठ, झालं. त्यातही दोरखंड, खोगीर यांच्यासारखंच बरंचसं मेक्सिकन वाकेरोंकडून (तिकडच्या घोडेस्वार गुराख्यांकडून) आलेलं, तुमच्या सॅन अँटोनियोत कुठल्याही मेक्सिकन हॉटेलात फ्रिहोलेस चारोस मागवा, पातळ रश्शातले, साखरेचा कण नसलेले, मग कळेल मी काय म्हणतोय ते.

मी दोन्हीच्या मधलं करतो. एक पाउंड म्हणजे साधारण 450 ग्रॅम पिंटो निवडून घ्या, नीट निवडा कारण खडे सापडतात अजूनही. रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवा. सकाळी ते पाणी ओतून द्या, डच ओव्हनमध्ये नवीन पाणी बीन्सच्या वर चार बोटं, अर्धा कांदा, दोन तमालपत्रं, चार लसूण पाकळ्या, आणि एक उकळी आली की मंद गॅसवर दीड-दोन तास. झाकण जरा तिरकं ठेवा. मधे पाणी कमी झालं तर गरमच घाला.

बीन्स शिजत असताना दुसरीकडे 200 ग्रॅम जाड बेकनचे तुकडे थंड कढईतच टाकून मंद आचेवर चरबी सुटू द्या, घाई केलीत तर बाहेरून करपतं आणि आत चरबी तशीच राहते. बेकन काढून त्याच चरबीत एक मोठा कांदा लालसर, दोन हलापिन्यो मिरच्या, लसूण, मग अर्धा किलो खिमा (बीफ चालत नसेल तर टर्की घ्या) चांगला कोरडा होईपर्यंत परता, तळाला चिकटलेलं सगळं खरवडून घ्या, चव तिथेच असते. जिरेपूड, ओरेगॅनो, अडोबो सॉसमधली (डब्यात मिळते ती, आंबट-तिखट सॉसमधली) एखाद-दुसरी चिपोत्ले मिरची बारीक करून. आता हे सगळं बीन्समध्ये, पण बीन्स बोटाने चेपले की लोण्यासारखे दबतायत याची खात्री झाल्यावरच. त्यानंतर टोमॅटोचा एक डबा, दोन चमचे मोलॅसिस (साखर करताना उरणारा काळा, कडसर पाक), चमचाभर पिवळी मोहरी, चमचाभर सायडर व्हिनेगर. झाकण काढून अजून अर्धा-पाऊण तास. शेवटी वाटीभर बीन्स डावाने कडेला घोटून परत मिसळा, रस आपोआप दाटतो, कॉर्नफ्लोअर वगैरे लावू नका प्लीज.

आणि हो, टेक्सनांसमोर चुकूनही याला चिली (मांस आणि मिरच्यांचा तिकडचा दाट रस्सा) म्हणू नका. चिली 1977 पासून राज्याचा अधिकृत पदार्थ आहे आणि त्यात बीन्स घालणं म्हणजे पाप, भांडणं होतात त्यावरून, खरंच.

मुंबईची_मीनल:
बल्लव दादा बाकी झकास पण मिठाच्या पाण्यात भिजवायचे?? आमच्याकडे आईपासून सगळ्या सांगत आल्या की कडधान्यात मीठ आधी घातलं तर ते शिजतच नाही, दडस राहतं. मी तरी मीठ शेवटीच घालते.

प्रयोगशाळेतली_बाई:
मीनल, ते बिचाऱ्या मिठावर उगाच आलंय. मी फूड टेस्टिंगमध्ये काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

दाण्याच्या सालीत पेक्टिन असतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे ते घट्ट धरून राहतं. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि साल मऊ होते, म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवलेले बीन्स फुटत नाहीत आणि आतपर्यंत सारखे शिजतात. लिटरला पाऊण टेबलस्पून मीठ पुरे. शिजायला खरी अडचण आंबटाची. टोमॅटो, व्हिनेगर, केचप आधी गेलं की साल मऊच होत नाही, तासन् तास उकळत बसा. मोलॅसिसमध्ये तर आंबटपणाही आहे आणि कॅल्शियमही, बॉस्टनचे मोलॅसिसवाले बीन्स इतका वेळ ओव्हनमध्ये राहूनही आकार धरतात ते त्यामुळेच. तेव्हा ताई, बल्लव म्हणतायत तो क्रम अजिबात मोडू नका.

दुसरं, तुमच्या शहराचं पाणी. सॅन अँटोनियोला बरंचसं पाणी एडवर्ड्स अ‍ॅक्विफर या जमिनीखालच्या साठ्यातून येतं, तो चुनखडीचा खडक, त्यामुळे पाणी जड, म्हणजे तेच कॅल्शियम-मॅग्नेशियम त्यात जास्त. घरी सॉफ्टनर नसेल तर शिजवताना पाउंडाला पाव चमचा खायचा सोडा टाका, त्याहून जास्त नको, साबणासारखी चव येते. बीन्स वर्षानुवर्षं कपाटात पडलेले असतील तर मात्र सोड्यानेही काही होणार नाही, ज्या दुकानात मेक्सिकन गिऱ्हाईक जास्त तिथून घ्या, तिथे माल पडून राहत नाही.

तिसरं आणि महत्त्वाचं, क्रॉकपॉट. कच्चे बीन्स थेट क्रॉकपॉटमध्ये टाकू नका. यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, लाल राजम्यात सगळ्यात जास्त, पिंटोत कमी, पण असतं. कच्चे चार-पाच लाल राजमे पोटात गेले तरी उलट्या-जुलाब होऊ शकतात. क्रॉकपॉट मंद आचेवर उकळीच्या खाली राहतो आणि तेवढ्या उष्णतेत ते नष्ट होत नाही, काही वेळा उलट वाढलेलं आढळलंय. भिजवलेलं पाणी फेका, नवीन पाण्यात खळखळ उकळा, दहा मिनिटं तर हवीतच, अर्धा तास उकळलंत तर उत्तम, मग क्रॉकपॉटमध्ये काय ते करा. इन्स्टंट पॉटमध्ये हा प्रश्न येत नाही, भिजवलेल्या पिंटोला हाय प्रेशरवर दहा-बारा मिनिटं आणि प्रेशर आपोआप उतरू द्या, झडप उघडलीत तर साली फाटतात.

मुंबईची_मीनल:
बरं बाई, आईला सांगते, ऐकेल असं नाही 😄

कोरेगावकर:
मी कधी अमेरिकेला गेलेलो नाही पण हे वाचून रविवारी करणार. आमच्याकडे पिंटो मिळत नाही, मात्र वाघ्या घेवडा मिळतो, कोरेगाव तालुक्यातला, अंगावर पट्टे असलेला, जीआय मानांकन मिळालेला, जातकुळी तीच राजम्याची, सालीला पातळ आणि चवीला गोडूस. पुण्यामुंबईत नसेल मिळत तर चित्रा राजमा घ्या. मोलॅसिसच्या जागी काकवी घाला, ती तेवढी कडू नसते त्यामुळे जरा हात आखडता ठेवा. धुराच्या वासासाठी आम्ही मटणाला देतो तशी कोळशाची धुरी, निखारा वाटीत ठेवायचा, वर तूप सोडायचं, लगेच झाकण, पाच मिनिटांत काढायची, जास्त ठेवली की कडवट.

ह्यूस्टनचा_बल्लव:
कोरेगावकर, एक नंबर, वाघ्या घेवडा खाल्लाय मी महाबळेश्वरला जाताना. ताई, शाकाहारी पातेल्यालाही ही धुरी चालेलच, शिवाय चिपोत्ले म्हणजे धुरी दिलेला हलापिन्योच, आणि सोबत चमचाभर स्मोक्ड पॅप्रिका. खिम्याऐवजी मशरूम बारीक चिरून पाणी आटून तपकिरी होईपर्यंत तेलात परता आणि चमचाभर सोया सॉस. वूस्टरशर सॉस मात्र बघून, त्यात बहुतेकदा अँकोव्ही मासे असतात आणि लोक शाकाहारी म्हणून खुशाल ओततात. बार्बेक्यू सॉस घालणार असाल तर त्याचंही लेबल वाचा, त्यातही वूस्टरशर सापडतो. आणि चमचे वेगळे ठेवा हो, नाहीतर इतकं करून कोणीतरी बेकनवाला डाव त्यात बुडवणार.

टेक्सासची_सून:
बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, खूप खूप थँक्यू सगळ्यांना. जड पाण्याचं कळल्यावर इथे कुठलंही कडधान्य शिजायला इतका वेळ का घेतं ते पण कळलं. शेजारणीला रंगाचं काय सांगू? आणि शेवटचं, माणसं चाळीसच्या आसपास आहेत, किती करू, आणि तिथपर्यंत गाडीने दीड तास आहे, कसं नेऊ?

प्रयोगशाळेतली_बाई:
शेजारीणबाईंचं चुकलेलं नाही, न भिजवता शिजवले की रस गडद होतो आणि चवही जरा दाट, फक्त वेळ जास्त लागतो आणि तुमच्या जड पाण्यात तो अजून वाढेल.

ह्यूस्टनचा_बल्लव:
ब्रिस्केट आणि बाकी दहा साइड्स असताना माणशी अर्धी वाटीच जाते. एका पाउंडाचे शिजून साधारण सहा कप होतात, वर खिमा-टोमॅटो, म्हणजे सगळे मिळून तीन पाउंड सुके बीन्स भरपूर झाले, त्यातला अर्धा पाउंड शाकाहारी. आदल्या दिवशी करा, मुरल्यावर चांगले लागतात, पण अख्खं पातेलं गरम फ्रीजमध्ये ठेवू नका, पसरट ट्रेमध्ये ओतून लवकर थंड करा. सकाळी गॅसवर पूर्ण उकळी आणून मग क्रॉकपॉटमध्ये भरा, झाकणाला रबर बँड किंवा टेप, टॉवेलात गुंडाळून डिकीत. तिथे पोचलात की लगेच प्लग लावून वॉर्मवर टाका, तोपर्यंत नक्की दाटले असतील तेव्हा थर्मासमध्ये गरम पाणी न्या.

खादाड_बोका:
आणि कॉर्नब्रेड कोण आणणार ते विचारून ठेवा. पत्ता पाठवा, मी डब्याशिवाय येतो.