तलवारबाजी: ११ वर्षांच्या डावखुऱ्या मुलीला आधी काय घ्यावं?

इंदिरानगरची आई:
मुलगी ११ वर्षांची, दीड महिना झाला तलवारबाजीला जातेय आणि आता सर म्हणतात हळूहळू स्वतःचं सामान घ्या. फॉईल, इपी नि सेबर अशा तीन प्रकारच्या तलवारी असतात, त्यातली तिला सेबरच पाहिजे, भवानी देवीच्या टोकियो ऑलिम्पिकच्या मॅचचे व्हिडिओ पाठ झालेत तिचे. हे म्हणतात इपी घे, त्याला ते चंदेरी लामे जॅकेट (टच मशीनला कळावा म्हणून वरून घालतात ते, करंट वाहणारं) लागत नाही, तेवढाच खर्च वाचेल. क्लासमध्ये मात्र सध्या फॉईल शिकवतात. आधी काय घेऊ? आणि हो, ती डावखुरी आहे.

गंगापूररोडकर:
ताई, तलवार सगळ्यात शेवटी घ्या. क्लासची फॉईल वापरू दे, पहिल्यांदा घ्यायचा तो ग्लोव्ह, हत्याराच्याच हातात घालतात म्हणजे तिला डाव्या हाताचा एकच लागेल. मग प्लॅस्ट्रॉन, जॅकेटच्या आत काखेला घालतात ते, आणि मुलींना चेस्ट गार्ड. प्लॅस्ट्रॉनवर अजिबात वाचवू नका प्लीज, पातं मोडलं की मोडलेलं टोक धारदार होतं आणि ते काखेत घुसू शकतं, त्यासाठीच आहे ते.

जॅकेटची चेन हत्यार नसलेल्या हाताकडे असते, म्हणजे तिला उजवीकडे हवी. माझ्या भाच्याचं ऑनलाइन मागवलं तर नेमकं उलटं आलं, बदलून मिळेपर्यंत स्पर्धा होऊन गेली, पोरगं रडलं होतं. ऑर्डर देताना फोन करून डावखुरी आहे हे सांगाच.

मास्क हत्यार ठरल्यावर. इलेक्ट्रिक मशीनवर टच मोजतात तेव्हा सेबरचा अख्खा मास्क करंट वाहणारा लागतो कारण डोकंही टार्गेट, फॉईलला फक्त बिब, म्हणजे मास्कचा गळ्यावर येणारा कापडी भाग तसा, इपीच्या मास्कला तसं काहीच लागत नाही. मास्कची मजबुती न्यूटनमध्ये सांगतात, सुरुवातीला ३५० न्यूटनचा चालतो पण क्लासमध्ये विचारून घ्या. घालून मान खाली करून जोरात हलवायला लावा, सरकला तर मोठा आहे.

सिडकोचा बाबा:
इपीबद्दल थोडं. लामे वाचतं हे खरं पण डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत सगळं टार्गेट, आणि मोठ्यांची इपी ७७० ग्रॅमपर्यंत असते, फॉईल नि सेबर ५०० पर्यंत. लहानांना आखूड पातं मिळतं, ० किंवा २ नंबरचं, पण आमच्या मुलाचं मनगट पहिले दोन महिने दुखायचंच. तलवार मशीनला जोडायची वायरही वेगळी, इपीला तीन पिनची, फॉईलची इपीला लागत नाही. निव्वळ पैशासाठी हत्यार निवडू नका, सहा महिने फॉईल खेळू द्या. सेबर आवडतंय तर सरांना म्हणा एक दिवस हातात देऊन बघा, त्यात वार पण मारायचा असतो, फॉईल-इपीत फक्त टोक टेकवायचं.

इंदिरानगरची आई:
दोघांचे खूप आभार दादा! ग्लोव्ह, प्लॅस्ट्रॉन, चेस्ट गार्ड घेते आता. क्लासची फॉईल घरी सरावाला आणली तर काही काळजी?

गंगापूररोडकर:
ओल्या कपड्यांसोबत बॅगेत ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन दिवसांत तांबेरा चढतो पात्यावर. कोरड्या फडक्यानं पुसायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवायचा, फक्त टोकाला तेल लागू देऊ नका. आणि घरात मास्क-जॅकेटशिवाय भावंडांवर चालवायची नाही, भिंतीवर उशी बांधून द्या.