'माझी आवडती दहा' आणि 1979 सालीच थांबलेले वाचक

सातवा कप्पा (धागाकर्ता):
परवा इथे एकांनी 'प्रत्येक मराठी माणसाने वाचलीच पाहिजेत अशी माझी आवडती दहा' म्हणून यादी टाकली. मृत्युंजय, ययाति, स्वामी, श्रीमान योगी, छावा, बटाट्याची चाळ, व्यक्ती आणि वल्ली, श्यामची आई, पार्टनर. दहावं कोसला, बहुतेक आपण 'गंभीर'ही वाचतो हे कळावं म्हणून. खाली बदामांचा पाऊस. तिथेच लिहिणार होतो, पण प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा धागा.

ही पुस्तकं वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये, उगाच शिंगं उगारू नका. पण त्यातलं सर्वांत नवं पुस्तक छावा, 1979 चं. त्यानंतर मराठीत कुणी लिहिलंच नाही का? रंगनाथ पठारे, श्याम मनोहर, बारोमासवाले सदानंद देशमुख, गौरी देशपांडे, मेघना पेठे, कविता महाजन ही सगळी मंडळी काय वाण्याच्या वह्या भरत होती? दहांत एक बाई नाही. दया पवारांचं बलुतं 1978 चं, म्हणजे तुमच्या मुदतीत बसतं, तेही नाही. अण्णाभाऊ साठ्यांचं फकिरा 1959 चं आणि त्याला प्रस्तावना खुद्द खांडेकरांची. ययातिकारांना जे पुस्तक मानवलं ते ययातिच्या चाहत्यांना आठवतही नाही.

आणि खरी चीड याची की का आवडलं, हे दहांतल्या एकाही नावापुढे लिहिलेलं नाही. कोसला आवडलं ना? मग नायकाची बहीण मनी गेल्यावरची ती पानं कशी वाचलीत ते सांगा. माझ्याच्याने सलग वाचवली नाहीत. नुसती नावं तर वाचनालयाच्या रजिस्टरातही असतात.

शिफ्टवाला:
झालं, आले वाचनाचे ठेकेदार.

आयटीआय करून चाकणला लागलो तेव्हा खोलीवरच्या एका पोराकडे मृत्युंजय होतं. मुखपृष्ठ नाही, सुरुवातीची पानं नाहीत. रात्रपाळी करून आलो की झोपेऐवजी तेच. त्यात कर्ण एकटाच बोलत नाही. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, शेवटी कृष्ण, प्रत्येक जण आपापलं सांगतो. एकाच भांडणात प्रत्येकाची बाजू वेगळी असते हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं. सुपरवायझरशी माझं बोलणं बदललं त्यानंतर, हसायचं तर हसा. 'का आवडलं' हवं होतं ना, हे घ्या.

तुमचे पठारेही उघडले नंतर. सातपाटील कुलवृत्तांत अर्ध्यात सोडलं. द्या फाशी.

उंबरठा:
शिफ्टवाला +1. पण बायकांच्या मुद्द्यावर धागाकर्त्याशी सहमत. लोकांना लक्ष्मीबाई टिळक फक्त धड्यापुरत्या माहीत. स्मृतिचित्रे सबंध वाचलेला माणूस दाखवा म्हटलं तर आमच्या भिशीत एक निघाली नाही, आणि भिशीत दोघी मराठीच्या शिक्षिका आहेत.

वऱ्हाडी ठेचा:
धागाकर्त्याने सदानंद देशमुखांचं एक नाव टाकून बुलढाण्यावर उपकार केले. बाकी कोण हाये आमचं? उद्धव शेळक्यांची धग 1960 ची. कौतिकसारखी बाई त्या दहा पुस्तकांत कुठं हाये दाखवा. नवरा कामाचा नाही, घर तिनंच ओढायचं, अन् पुस्तकातले माणसं बोलतात ते आमच्या आजीसारखं, नाटकातल्या खेडुतासारखं नाही. आमच्या मराठीच्या सरांनी सुद्धा हे नाव काढलं नव्हतं.

सांगणाराच भेटला नाही तर वाचणार काय? अन् आता नाव कळलं तर पुस्तक भेटत नाही. तालुक्याच्या दुकानात गाईडं अन् स्पर्धा परीक्षेचे ठोकळे. बस.

पानपट्टी:
धगची पीडीएफ आहे माझ्याकडे. शिवाय शेकडो मराठी पुस्तकांचा अख्खा फोल्डर. धारपांच्या भयकथांतले समर्थ आहेत, अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले झुंजार, काळा पहाड आहेत, जे तुमच्या कुठल्याच यादीत नसतात कारण तुम्ही सगळे लपून वाचलेत. हवं त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

माजघर:
व्यनि करा म्हणे! केवढा तो दानशूरपणा, दुसऱ्याच्या खिशातून.

माझी कादंबरी आली तेव्हा पाचशे प्रतींची आवृत्ती काढली. त्यातले गठ्ठे अजून गोदामात आहेत. मागच्या दिवाळीत माझ्याच आत्तेबहिणीने ती मला फोनवर पाठवली, 'वाच गं, छान आहे, लेखिकेचं नाव पण तुझंच आहे.' स्कॅन करणाऱ्याचा अंगठा बेचाळिसाव्या पानावर दिसतो. तीन ओळी त्या अंगठ्याखाली गेल्यात, आणि एका वाचकाने मला कळवलं की तिथे वाक्यं तुटक वाटतात.

आखाती:
ताई, राग समजतो. पण मी मस्कतला असतो. इथे मराठी पुस्तक मागवायचं तर पुस्तकाच्या किमतीपेक्षा कुरियर जास्त. येताना बॅगेत आणायची तर आई लोणच्याची बरणी काढू देत नाही. तुमचं ई-बुक आहे का? असेल तर आत्ता घेतो.

माजघर:
नाही. प्रकाशक म्हणतात ई-बुक काढलं की पीडीएफ फिरते.

आखाती:
ती न काढताही फिरतेच आहे की. अंगठ्यासकट.

कलमबहाद्दर:
अवांतर होतंय, पण कायदा साधा आहे. लेखक वारला की त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क वारसांकडे. साने गुरुजी गेले 1950 ला, म्हणजे 2011 पासून त्यांचं लेखन सगळ्यांना मोकळं. खांडेकर 1976 ला गेले, ययाति 2036 संपेपर्यंत अडकलेलं. पुलंसाठी 2060 संपायची वाट बघा. वादाला कारण झालेल्या त्या दहांत बिनधास्त वाटावं असं एकच पुस्तक आहे, श्यामची आई. लक्ष्मीबाई 1936 लाच गेल्या, तेव्हा भिशीच्या गटावर स्मृतिचित्रे खुशाल पाठवा. शिवाय साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, अधिकृत. ती कुणी उतरवून घेत नाही, कारण त्यात चोरीची मजा नाही.

पानपट्टी:
वकीलसाहेब, मग वाचनालयात एकाच प्रतीवर गाव वाचतं तेव्हा लेखकाला किती मिळतात? मित्राला पुस्तक दिलं तर? तेही बंद करा. मी शेअर करतो म्हणून ही नावं जिवंत आहेत. माझ्या एका पीडीएफमागे दहा वाचक तयार होतात, त्यातला एक तरी पुढे विकत घेतो.

माजघर:
वाचनालय एक प्रत विकत तरी घेतं. मित्राला दिलेलं पुस्तक तुमच्या कपाटातून जातं. तुमचं काय जातं? आणि तो पुढे विकत घेणारा माझ्या रॉयल्टीच्या कागदावर मला अजून भेटलेला नाही.

पानपट्टी:
कुणी विकत घेत नाही याचं कारण पीडीएफच असेल असं नाही. कधी पुस्तकही असतं.

संपादक:
यापुढचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. एकमेकांच्या घरच्यांवर जाऊ नये.

जुना ग्रंथपाल:
वाचनालयाचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी 'ब' वर्ग सार्वजनिक ग्रंथालयात हयात घालवली. 1967 चा ग्रंथालय कायदा आहे, ग्रंथालय चालवायला सरकारचं परिरक्षण अनुदान आहे, सगळं आहे. ते हप्त्याने येतं आणि उशिरा येतं. त्यातून माझा पगार, वीजबिल, वर्तमानपत्रं. उरलं तर पुस्तकं. सरकारने 2017 मध्ये भिलारला पुस्तकांचं गाव केलं. चांगलंच केलं, जाऊन आलो. आमच्याकडे पुस्तकांची खोली गळते, तिच्यासाठी मात्र अजून अर्जच चाललेत.

आता धागाकर्त्यांसाठी. तुम्ही सांगता ते लेखक मी हट्टाने घ्यायचो. श्याम मनोहर आत गेले ते कपाटातच राहिले. मृत्युंजयची तिसऱ्यांदा बांधणी केली. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांतल्या आमच्याकडच्या वाचून वाचून पानं सुटली. जो झुंजारने सुरू करतो तो कधीतरी बनगरवाडीशी येतो, मी हाताने दिलंय. पण त्यासाठी टेबलामागे माणूस लागतो. यादी किंवा फोल्डर ते करत नाही.

सातवा कप्पा:
मूळ विषय आवडत्या पुस्तकांचा होता, याची नम्र आठवण. कायदा झाला, अनुदान झालं, लोणचं झालं.

शिफ्टवाला यांनी मृत्युंजयबद्दल लिहिलं ते त्या यादीवाल्यांनी लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. एवढं मान्य. पुस्तक आजही मला भडकच वाटतं. आणि ग्रंथपालकाका, श्याम मनोहर कपाटात राहिले हा त्यांचा दोष नव्हे.

जुना ग्रंथपाल:
माझाही नव्हे.

शिफ्टवाला:
मान्य केलंत म्हणून आभारी आहे, पगारवाढ झाल्यासारखं वाटलं.

माजघर ताई, पुस्तकाचं नाव सांगा. विकत घेतो. आवडलं नाही तर इथेच सांगीन, बेचाळिसाव्या पानासकट.

माजघर:
इथे सांगितलं तर जाहिरात म्हणून उडवतील. व्यनि केलाय. आणि नाही आवडलं तर जरूर सांगा, फक्त पूर्ण वाचून. सातपाटीलसारखं करू नका.

वऱ्हाडी ठेचा:
पानपट्टीची पीडीएफ उघडली. एकशे दहानंतर पानं उलटीसुलटी लागलेत. कौतिक पोरासाठी जिथं रडते तिथंच. काका, तुमच्याकडं आहे का खरं पुस्तक?

जुना ग्रंथपाल:
आहे. बाहेरगावच्या सभासदाला अनामत दुप्पट. आणि घेऊन जायला स्वतः यावं लागेल, पोस्टाने देत नाही.