‘फक्त’ या एका शब्दावरून : लायबेलच्या खटल्यात ज्युरीचं काम नेमकं किती?

काठावरचा :
शाकुंतलाचं इंग्रजी भाषांतर करणारे सर विल्यम जोन्स आपल्याला ठाऊक असतात. कलकत्त्याचे न्यायाधीश, एशियाटिक सोसायटीवाले. पण त्यांच्या एका पत्रकापायी तिकडे त्यांच्या मेव्हण्यावर राजद्रोही लिखाणाचा, म्हणजे सेडिशस लायबेलचा खटला चालला, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

मेव्हणा म्हणजे वेल्समधल्या सेंट असाफच्या चर्चचा डीन (मुख्य धर्माधिकारी), विल्यम शिप्ली. पत्रकात एक सद्‌गृहस्थ शेतकऱ्याला समजावतो : तुमच्या गावच्या क्लबाचा अध्यक्ष नियम धाब्यावर बसवू लागला तर ऐकून घ्याल का? मग राज्य म्हणजे तरी काय, मोठा क्लबच. एवढ्यावरून खटला.

ऑगस्ट १७८४, श्रूजबरी. न्यायमूर्ती बुलर ज्युरीला सांगतात, तुम्ही दोनच गोष्टी बघा. डीनने हे प्रसिद्ध केलं का, आणि त्यातल्या शब्दांचा रोख आरोपपत्रात म्हटलाय तोच आहे का. लिखाण गुन्हेगारी आहे की नाही हा कायद्याचा प्रश्न, तो कोर्टाचा. ज्युरी आत जाऊन येते आणि म्हणते, ‘फक्त प्रसिद्ध केल्याबद्दल दोषी.’

बुलर म्हणतात, हे असं चालायचं नाही. डीनचा वकील थॉमस अर्स्किन उभा राहतो : ‘फक्त’ हा शब्द नोंदवलाच पाहिजे. बुलर म्हणतात खाली बसा, नाहीतर मला वेगळा मार्ग धरावा लागेल. अर्स्किनचं उत्तर असं की काय करायचं ते करा, माझं कर्तव्य मला तुमच्याइतकंच कळतं. गंमत म्हणजे अर्स्किन वकिली शिकला तो याच बुलरच्या हाताखाली!

माझं म्हणणं सरळ आहे. ‘दोषी’ हा शब्द ज्युरीच्या तोंडी घालायचा आणि दोष आहे का, हे मात्र तिला विचारायचं नाही, हा कुठला न्याय? मग बारा माणसं बोलवायची कशाला? छापखान्याची पावती दाखवली की काम झालं.

कोर्टाची पायरी :
गोष्ट छान रंगवलीत, पण अर्धीच सांगितलीत. प्रकरण पुढे लंडनला मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्डपुढे गेलं. त्यांनी बुलरचंच म्हणणं उचलून धरत फेरखटला नाकारला हे खरं. पण नंतर त्याच कोर्टाने आरोपपत्रातच खोट आहे म्हणून शिक्षा थांबवली आणि डीन घरी गेला. म्हणजे ज्युरीने ‘दोषी’ म्हटलेला माणूस सुटला तो न्यायाधीशांमुळे.

आणि मॅन्सफील्ड काय वेडगळ बोलत नव्हते. ज्युरी कारण देत नाही. एकाच मजकुराला श्रूजबरीत गुन्हा म्हणतील आणि लंडनमध्ये म्हणणार नाहीत. मग मुद्रकाने छापायचं काय? न्यायाधीश चुकला तर त्याची कारणं समोर असतात, त्यावर वर दाद मागता येते. ज्युरीने कायदा झुगारला तर तिचा हात कोणी धरू शकत नाही, कबूल. पण हात पोचतो म्हणून ताट आपलं होत नाही.

उगाच एक :
मॅन्सफील्डचं घर १७८० च्या लंडनमधल्या गॉर्डन दंगलीत जमावाने जाळलं होतं, ग्रंथसंग्रहासकट. माणूस जमावाला बिचकणारच.

कोर्टाची पायरी :
@उगाच एक, घर जळायच्या दहा वर्षं आधी, १७७० मध्ये वुडफॉल या मुद्रकाच्या खटल्यातही ते हेच म्हणाले होते. ‘ज्युनियस’ या टोपणनावाने कोणीतरी राजाला उद्देशून लिहिलेलं पत्र छापलं म्हणून तो खटला. तिथेही ज्युरीने ‘फक्त’च लावला होता.

जुना कागद :
मग हा नियम म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. १६८८ चा सात बिशपांचा खटला बघा. राजाला दिलेला अर्ज हेच लायबेल ठरवलं होतं. चार न्यायाधीशांत दोन-दोन अशी फूट पडली आणि सगळं ज्युरीवर सोडलं गेलं. रात्रभर बारा जण कोंडलेले. अडून बसलेला एकटा, राजवाड्याला बिअर पुरवणारा आर्नल्ड. निर्दोष म्हणावं तर राजाचं गिऱ्हाईक जातं, दोषी म्हणावं तर उरलेल्या गावाचं! सकाळी त्यानेही मान तुकवली. बिशप सुटले आणि त्याच वर्षी राजा दुसरा जेम्स देश सोडून पळाला.

ज्युरीचं कर्तव्य म्हणतात ते असं निभावावं लागतं, उपाशीपोटी आणि धंद्यावर पाणी सोडून.

तिरकस :
तुम्ही सगळे १७९२ आधीच थांबलाय. पार्लमेंटातल्या चार्ल्स फॉक्सने त्या वर्षी कायदा करून घेतला आणि संपूर्ण प्रकरणावर निवाडा द्यायचा हक्क ज्युरीला मिळाला. झालं काय? त्याच डिसेंबरात, १८ तारखेला, लंडनच्या गिल्डहॉलमध्ये ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिणाऱ्या टॉमस पेनचा खटला. बचावाला पुन्हा अर्स्किन. त्याचं भाषण संपलं, सरकारी वकील उत्तराला उभे राहिले, तर ज्युरी म्हणते उत्तराची गरज नाही. दोषी!

कारण ती ‘स्पेशल ज्युरी’. ४८ नावांची यादी काढायची, दोन्ही बाजूंनी बारा-बारा खोडायची. मूळ यादी करणारा सरकारी अंमलदार. माणशी एक गिनी मिळायची आणि नेहमीचे यशस्वी लोक पुन्हा पुन्हा यायचे. हक्क कोणाला यावर भांडताय, यादी कोणाकडे होती ते बघा की.

काठावरचा :
@तिरकस, बरोबर २५ वर्षांनी, त्याच तारखेला, त्याच गिल्डहॉलमध्ये विल्यम होन या प्रकाशकाला उभं केलं. प्रार्थनांची विडंबनं छापली म्हणून ओळीने तीन दिवस तीन खटले. वकील नाही, खिशात पैसा नाही. जुन्या विडंबनांची पुस्तकं टेबलावर मांडून तासन्‌तास स्वतःच बोलला. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी मुख्य न्यायमूर्ती एलनबरो जातीने बसले, हे लिखाण लायबेल आहे असं ज्युरीला बजावलं. तिन्ही वेळा निर्दोष. फॉक्सचा कायदा नसता तर ‘छापलं का? छापलं’ एवढ्यावर तो पहिल्याच दिवशी आत गेला असता.

पुणेकर नाही :
यादीवरून आठवलं. १९०८, मुंबई हायकोर्ट, टिळकांचा खटला. ज्युरी नऊ जणांची, त्यात सात युरोपियन आणि दोन पारशी. कौल सात विरुद्ध दोन, सहा वर्षं काळं पाणी. इंग्लंडात तेव्हा बाराही जणांचं एकमत लागायचं. ज्युरी इकडे आणली, एकमत मात्र तिकडेच ठेवलं.

कोर्टाची पायरी :
आणि १९५९ चा नानावटीचा खून खटला? ज्युरीचा कौल आठ विरुद्ध एक, निर्दोष. सेशन्स जज्जांना तो कौल इतका अजब वाटला की प्रकरण हायकोर्टाकडे धाडलं. तुमच्या सोयीची ज्युरी तेवढी शहाणी, असं कसं?

बाकी मूळ गोष्टीचा शेवट तुम्ही गाळलात. श्रूजबरीच्या ज्युरीचा नोंदवलेला कौल काय होता? ‘प्रसिद्ध केल्याबद्दल दोषी, पण लायबेल आहे की नाही ते आम्ही ठरवत नाही.’ तुम्ही त्यांच्यासाठी जो हक्क मागताय, तो त्यांनी स्वतःच बाजूला सारला होता.

काठावरचा :
बाजूला सारला की काढून घेतला? आधीचा कौल ‘फक्त’चाच होता. बुलरनी उलटसुलट विचारून विचारून तो असा करून घेतला.