शाळेची भिंत आणि मुलांचे हात : तुमचे अनुभव लिहा

भाचीच्या शाळेतून निरोप आलाय, "भिंत रंगवायची आहे, जुने कपडे घालून पाठवा." वाचलं आणि बालवर्ग शिकवायचे ते दिवस आठवले. आमच्या भिंतीवर मोठं झाड होतं. एकीने त्याच्या बुंध्याला दार काढलं, मुंग्यांना घरी जायला. ते दार मी कोणाला पुसू दिलं नाही. तुमच्या भिंतींबद्दल लिहा ना.

*

कपडे खरंच जुनेच द्या. अ‍ॅक्रिलिक रंग ओला असेपर्यंत पाण्याने जातो, वाळला की संपलं. बाबांचा शर्ट उलटा घालायचा, बटणं पाठीवर.

*

कागदावरचं छोटं चित्र भिंतीवर मोठं करायला आम्ही चौकटी आखतो. कागदावर १ सेंमीची, भिंतीवर खडूने १० सेंमीची. प्रत्येकाला आपली चौकट. शेजारच्याशी रेघ जुळत नाही, आणि मला तेच फार आवडतं. जुळवत बसू नका प्लीज.

*

आधी ओल बघा!! गिलावा नवा असेल तर निदान महिनाभर वाळू द्या, मग प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर. नाहीतर क्षार बाहेर येऊन पांढरी पूड धरते, रंगाचे पोपडे निघतात. कार्यक्रमाची तारीख आधीच ठरलेली असते, म्हणून कोणी थांबत नाही. मुलांनी जीव लावून केलेलं असं गळून पडताना बघवत नाही.

*

आमच्या बाथरूमच्या भिंतीलाही हेच झालंय, काय करू?

*

गळती शोधा आधी. वरून कितीही रंग लावा, उपयोग नाही.

*

माझा लेक व्हीलचेअरवर असतो. बाईंनी काही न बोलता लांब दांड्याचा रोलर आणून ठेवला होता. वरचं सगळं आकाश त्याचं. घरी आला तो मान वर करूनच.

*

किती छान बाई! डोळे भरून आले. बाळ उठलं, नंतर लिहिते.

*

मी पहिलीत जांभळा कुत्रा रंगवला होता. दुसऱ्या दिवशी बघते तर तपकिरी. कुणीतरी मोठ्याने "नीट" केलेला. अजून राग येतो मला.

*

अगं, आता घरी काढ जांभळा कुत्रा, चांगला दारासमोर! राखणही करेल.

*

५ वर्षांच्या मुलांना ब्रश द्यावा की स्पंज? उद्याच आहे आमचं.

*

मोठ्या जागेला स्पंज, बाकीला आखूड जाड दांड्याचे ब्रश. एका डब्यात एकच रंग आणि त्याचा ब्रश त्यातच, नाहीतर तासाभरात सगळं मातकट होतं. फोटो टाका!