जुना ट्रक, मागून घुमणारा आवाज आणि हादरा : डिफरन्शियलचं हाऊसिंग उघडण्याआधी काय काय तपासावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गाडी सहा चाकी. मागे जोडटायर, दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट (गियरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत फिरणारा दांडा), मध्ये त्याला धरणारं सेंटर बेअरिंग, डिफरन्शियल (मागच्या एक्सलमधला चाकांना फिरवणारा गियरसंच) 41/7 चं. मीटर सात लाख किलोमीटरच्या पुढे गेलंय. इंजिन उत्तम आहे, ऑइल खात नाही, धूर नाही. ही गाडी आधी वडील चालवायचे, आता मी चालवतो. तिचा नेहमीचा आवाज कानात पक्का बसलेला आहे, म्हणूनच सध्या जे ऐकू येतंय ते वेगळं आहे हे खात्रीने सांगतो.

एकच आवाज असता तर बरं झालं असतं. इथे तीन आहेत.

पहिला : पहिल्या गियरमध्ये क्लच सोडताना खालून ‘खट्ट’ असा एक ठोका येतो. चालत्या गाडीत रेस सोडून पुन्हा दिली की तसाच ठोका, पण बारीक.

दुसरा : साधारण 40 च्या वेगाला केबिनच्या फळीला हादरा बसतो. पायाला झिणझिण्या येतील इतका. 50 च्या पुढे गेलं की कमी होतो. माल भरलेला असताना कमी जाणवतो, रिकाम्या गाडीत जास्त.

तिसरा, आणि खरी झोप उडवलीय ती यानेच : रेस सोडली, गाडी आपल्या वेगाने पळतेय, अशा वेळी मागून ‘हूंऽऽऽ’ असा आवाज सुरू होतो, रिकाम्या पिंपात तोंड घालून फुंकल्यासारखा. रेस दिली की जवळजवळ बंद.

मध्यंतरी क्लच प्लेट बदलली, तेव्हा गियरबॉक्स खाली उतरवला होता. हादरा त्यानंतरचा आहे. हूं आवाज आधीपासून असावा, पण इतका स्पष्ट नव्हता.

दोन मिस्त्रींना दाखवलं. एकाचं म्हणणं, क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारं छोटं) संपलं, अख्खा संच बदला. दुसरा म्हणतो, शाफ्टच्या जॉइंटचे क्रॉस (सांध्यातला अधिक-चिन्हासारखा तुकडा) बदला, बाकी सगळं त्यातच जाईल. दोघांनीही गाडीखाली जाऊन काही हलवून पाहिलं नाही, आवाज ऐकून निकाल दिला. हाऊसिंग एकदा उघडलं की बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) आणि प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) पुन्हा नीट बसवणारा हात मिळायला हवा. तो मिळेल की नाही याचा भरवसा नसताना आधी उघडायची माझी तयारी नाही. नेमका दोष कुठे आहे हे बाहेरून ठरवायच्या कोणत्या चाचण्या आहेत? ज्यांनी स्वतः हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद

तुम्ही तीन आवाज वेगळे करून लिहिलेत, इथेच अर्धं काम झालं. तिघांचं कारण एकच असेल असं धरून चालू नका.

आधी दोष गियरबॉक्सचा नाही ना, ते ठरवा. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू, क्लचवर पाय नाही. घरघर येते का? येत असेल आणि क्लच दाबल्यावर थांबत असेल तर इनपुट शाफ्ट किंवा काउंटरशाफ्टचं (बॉक्समधल्या खालच्या जोडशाफ्टचं) बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. मग चालत्या गाडीत टॉप गियर बघा. तो डायरेक्ट (इंजिनाचे फेरे जसेच्या तसे मागे देणारा) असेल तर त्यात काउंटरशाफ्टवर भार येत नाही. म्हणजे खालच्या गियरांत आवाज आणि टॉपमध्ये शांत असेल तर बॉक्स, आणि सगळ्या गियरांत त्याच वेगाला सारखाच असेल तर बॉक्सच्या मागे शोधा.

त्यानंतर सपाट, मोकळ्या रस्त्यावर 40 ला न्यूट्रल करून बघा. इंजिन बंद करायचं नाही, एअर ब्रेकची हवा त्याच्यावर आहे. उतारावर तर हा प्रयोग अजिबात नको. न्यूट्रलमध्येही हादरा तसाच राहिला तर तो शाफ्ट, एक्सल किंवा चाकांचा.

आता थोडं गणित, कारण याने फार गोष्टी उलगडतात. ट्रकच्या टायरचा घेर साधारण सव्वातीन मीटर धरा. 40 च्या वेगाला चाक सेकंदाला साडेतीनच्या आसपास फेरे घेतं. 41/7 म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 5.86 फेरे, म्हणजे शाफ्ट सेकंदाला वीस. जॉइंटच्या कोनाचा किंवा बसवणीचा दोष शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा धक्का देतो, म्हणजे सेकंदाला चाळीस. पायाला झिणझिण्या आणणारा हादरा असाच असतो. चाकाचा दोष मोजता येईल इतका संथ असतो, ‘धप धप धप’. तुमच्या वर्णनावरून हादरा शाफ्टचाच वाटतो.

आणि गियरबॉक्स उतरवल्यानंतर सुरू झाला म्हणता, तर पहिली शंका ही : शाफ्ट जोडताना स्लिप योक (शाफ्टच्या दात्यांवर मागेपुढे सरकणारा, जॉइंट धरणारा तुकडा) एखाद-दोन दात्यांनी फिरवून बसवलाय. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असायला हवेत. नळीवर आणि योकवर बाणाच्या खुणा कोरलेल्या असतात, त्या समोरासमोर येतात का बघा. वायर ब्रशने घासल्याशिवाय दिसणार नाहीत, वर ग्रीस आणि मातीचा थर असतो.

प्रतिसाद

वरच्या माहितीशी सहमत. फक्त खाली जाण्याआधी एक सांगतो, कारण यात माणसं चिरडलेली आहेत. काही जुन्या गाड्यांमध्ये हँडब्रेक गियरबॉक्सच्या मागे, शाफ्टवर असतो. शाफ्ट किंवा एक्सल काढला की तो ब्रेक चाकं धरत नाही आणि गाडी सुटते. म्हणून सपाट जागा, पुढच्या-मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, आणि नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली जायचं नाही, घोड्या (पक्के लोखंडी स्टँड) लावायच्याच. मागचं एकच चाक उचलून गाडी गियरमध्ये फिरवून बघायची नाही. दुसरं चाक जमिनीला लागलेलं असतं, गाडी जॅकवरून उडी मारते.

‘खट्ट’साठी : इंजिन बंद, न्यूट्रल, ठोकळे लावलेले, शाफ्ट दोन्ही हातांनी धरून मागेपुढे पिळा. प्रत्येक जॉइंटवर एकदा नजर ठेवा. क्रॉस आणि योक यांच्यात हलताना दिसलं की तो जॉइंट गेला. क्रॉसच्या टोकांवरच्या कपच्या सीलपाशी तांबूस, गंजाची पूड दिसली तर आतल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) कोरड्या पडल्यात, तिथे ग्रीस भरून काही होत नाही, क्रॉस बदलावा लागतो. ग्रीस भरताना चारही कपांतून ताजं ग्रीस बाहेर येतंय का हे नेहमी बघा. तीन कपांतून आलं आणि चौथ्यातून नाही, तर तोच कप आधी मरतो. सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का, यू बोल्ट ढिले आहेत का आणि स्प्रिंगच्या पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटलाय का हेही त्याच फेरीत उरकून घ्या.

जोडटायरच्या मध्ये दगड अडकलाय का तेही बघा. ऐकायला साधं वाटतं, पण त्यापायी लोकांनी हब उघडलेत. टायर खालीवर झिजलेला असेल तर तोही डिफरन्शियलसारखा घुमतो. मात्र तो रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलतो आणि रेस सोडण्या-देण्याशी त्याला देणंघेणं नसतं. हबचं बेअरिंग असेल तर हलकं वळण घेताना आवाज कमी-जास्त होतो आणि फेरीनंतर तो हब इतरांपेक्षा जास्त तापलेला असतो.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे एकेक करून बघितलं.

गियरबॉक्स संशयातून सुटला. न्यूट्रलमध्ये शांत, क्लच दाबूनही शांत. हब तापत नाहीत. टायरमध्ये दगड नाही.

बाणाच्या खुणा घासून काढल्या, आणि त्या खरंच जुळत नव्हत्या! दोन दात्यांचा फरक. स्लिप योक काढला, दाते पुसले, ग्रीस लावून खुणेला खूण बसवली. मागच्या जॉइंटच्या एका कपाखाली तांबडी पूड होती, आतल्या सुया हातात चुरा होऊन आल्या, तो क्रॉस बदलला. हादरा पूर्ण गेला. ‘खट्ट’ नव्वद टक्के गेला, आता फक्त रिव्हर्स टाकताना हलका येतो.

पण रेस सोडल्यावरचा ‘हूंऽऽऽ’ तसूभरही कमी नाही. शाफ्ट सोडवलेला असताना पिनियनचा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) धरून वरखाली हलवला, तर किंचित हलतो. बोटांना स्पष्ट कळतं. पिनियन सीलखाली ऑइलचा ओलेपणाही आहे. ऑइल काढलं, प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा होता, चकचकीत तुकडे किंवा कपच्या नाहीत. ऑइल दुधाळही नाही. पिनियनचा नट आवळून बघू का?

प्रतिसाद

नुसता नट आवळू नका. फ्लँज गोल फिरवताना थोडा प्ले असणं ठीक, तो दात्यांचा असतो. वरखाली हलणं म्हणजे पिनियनच्या बेअरिंगचा प्रीलोड गेलाय. रेस सोडली की चाकं पिनियनला फिरवतात आणि पिनियन क्राऊनकडे ओढला जातो. बेअरिंग ढिलं असल्याने तो आत सरकतो, दात्यांचा संपर्क बिघडतो आणि आवाज येतो. रेस दिली की तो उलट दिशेला ढकलला जाऊन टेकतो, म्हणून शांत. तुमचं लक्षण याला तंतोतंत जुळतंय.

तुमच्या एक्सलमध्ये प्रीलोड शिमने (पातळ पत्र्याच्या चकतीने) धरलाय की दबणाऱ्या स्लीव्हने, हे मॅन्युअलमध्ये बघा. स्लीव्ह असेल तर ती एकदा दबली की परत येत नाही, आणि जास्त आवळलं तर बेअरिंग जळतं. म्हणजे उघडावं लागेल, पण अख्खा संच टाकावा लागेल असं आत्ताच मानू नका. लगद्यात कपच्या नाहीत हे चांगलं लक्षण आहे. आधी क्राऊनच्या दात्यांच्या दोन्ही बाजू बघा. खड्डे किंवा टोकाला धार आलेली नसेल तर दोन्ही पिनियन बेअरिंग आणि सील बदला, पिनियनच्या खोलीची जुनी शिम तशीच ठेवा, मग दात्यांना रंग लावून ठसा (दाते एकमेकांना कुठे टेकतात ती खूण) तपासा. दाते झिजलेले निघाले तर मात्र क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलायचे, एकेक कधीच नाही, कारण ते कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात.

भरताना ऑइल जीएल-5 (गियर ऑइलचा दर्जा) चं, आणि पातळी भरायच्या भोकाच्या काठापर्यंत. हाऊसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी तोटी) काढून फुंकून बघा. तो बुजला की आत दाब साठतो आणि नवं सीलही पुन्हा गळायला लागतं. ठशाचे फोटो इथे टाका, दोन्ही बाजूंचे. त्यावरून शिम हलवायची की नाही ते ठरवू.